चौथीचे संपादक मंडळ

प्राथमिक शाळेत काही वर्षे घालवलेल्या कोणत्याही शिक्षकाला ‘माझी आई’ या विषयावरचा निबंध वही न उघडता म्हणून दाखवता येईल. आई पहाटे लवकर उठते, सडा-रांगोळी करते, सर्वांचे डबे भरते, मी आजारी पडलो की रात्रभर जागते आणि म्हणून ती मला खूप खूप आवडते. ज्या मुलाची आई वीटभट्टीवर जाते, ज्या मुलीची आई अंगणवाडीत मदतनीस आहे आणि ज्याच्या आईने दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाताना आज त्याच्यावर हात उगारला आहे, त्या तिघांच्याही वह्यांत हीच एक आई सडा टाकत असते. मूल खोटे लिहीत नसते. हा निबंध कोण वाचणार आहे, त्या माणसाच्या डोक्यात तो आधीच लिहून तयार आहे आणि त्याच्याशी आपला निबंध जुळला की ‘छान’ असा शेरा मिळतो, एवढे त्याने अचूक हेरलेले असते. मुलांच्या या हेरगिरीचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे; तिचा उपयोग लेखनासाठी होत नाही, ही गोष्ट वेगळी.

आपल्याकडे पहिली ते चौथीत मुले खूप लिहितात, पण त्यातले बरेचसे लेखन दुसऱ्याचे असते. पाहून लिहायचे ते अनुलेखन, ऐकून लिहायचे ते श्रुतलेखन, फळ्यावरून उतरवून घ्यायची ती प्रश्नोत्तरे. हात वळतो, अक्षर सुधारते, काना-मात्रा जागेवर बसतात आणि या सगळ्याची गरजही आहे. परंतु स्वतःला काही सांगायचे आहे म्हणून मुलाने चार ओळी लिहिल्या, असा प्रसंग आठवड्यातून एकदाही येत नाही. मोठ्या पाहण्यांनाही त्याची फारशी फिकीर नसते. २००५ पासून गावोगाव होणारी ‘असर’ पाहणी मुख्यतः मुलाला वाचता येते का आणि वजाबाकी-भागाकार जमतो का, हे तपासते. हजारो घरांच्या उंबरठ्यावर उभे राहून मोजता येईल असेच तिला मोजावे लागते, हे मान्य आहे. पण जे मोजले जाते त्याचीच तयारी शाळा करतात, आणि मग लिहिणे ही गोष्ट हस्ताक्षरापाशी येऊन थांबते.

लेव व्हिगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३४ साली, म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, या अडचणीवर नेमके बोट ठेवले होते. बोलताना समोर माणूस असतो. तो मान हलवतो, कपाळाला आठ्या घालतो, ‘मग?’ म्हणतो, आणि त्या प्रत्येक ‘मग’मुळे आपले पुढचे वाक्य जन्माला येते. लिहिताना समोर कोणीच नसते. ज्याला सांगायचे तो माणूस मुलाला मनातच उभा करावा लागतो, त्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही याचा अंदाज घ्यावा लागतो, त्याचे प्रश्न स्वतःच विचारावे लागतात. नऊ वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने हे फार मोठे काम आहे. जी मुलगी जेवणाच्या सुट्टीत विहिरीत पडलेल्या मांजराची गोष्ट दहा मिनिटे हातवारे करत सांगते, तीच वहीत ‘मांजर विहिरीत पडले. मग काढले.’ एवढे लिहून पेन ठेवते, याचे कारण तिच्याकडे शब्द नाहीत हे नव्हे. वहीने तिला एकदाही ‘मग?’ असे विचारलेले नसते.

व्हिगॉट्स्की ज्या वर्षी जन्मले त्याच १८९६ साली दक्षिण फ्रान्समधल्या डोंगराळ भागातल्या एका लहान गावात सेलेस्तँ फ्रेने यांचा जन्म झाला. पहिल्या महायुद्धात त्यांच्या फुफ्फुसाला गोळी लागली. १९२० मध्ये ते ग्रास शहराजवळच्या बार-सुर-लू या गावात प्राथमिक शिक्षक म्हणून रुजू झाले तेव्हा त्यांना सलग फार वेळ बोलता येत नसे, आणि बोलता येईना म्हणूनच त्यांनी मुलांना बोलते केले, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. त्यात दंतकथेचा भाग किती, हे बाजूला ठेवू. अत्तरासाठी फुले पिकवणाऱ्या त्या मुलखात शेतकऱ्यांच्या मुलांना घेऊन ते बाहेर फिरायला जात, परतल्यावर पाहिलेल्या गोष्टींविषयी मुले जे बोलत ते फळ्यावर उतरत असे आणि सुट्टी होताच पुसले जात असे. हे पुसले जाणेच त्यांना खटकले. १९२४ च्या सुमारास त्यांनी एक लहानसे हातछपाईचे यंत्र विकत घेऊन वर्गात ठेवले.

छापखाना म्हटले की आपल्याला सुबक पुस्तिका आठवतात, पण त्या वर्गात घडत होते ते त्याहून अधिक महत्त्वाचे होते. मुलांनी आपापल्या मनाने लिहिलेले मजकूर वर्गात वाचले जात, त्यांतला एक मतदानाने निवडला जाई, तो फळ्यावर लिहून सर्वजण मिळून त्याची वाक्ये नीट करत, आणि मग मुलेच शिशाचा एकेक खिळा, म्हणजे छपाईचे सुटे अक्षर, उचलून तो जुळवत. खिळे उलटे लावायचे असल्यामुळे प्रत्येक अक्षराकडे डोळे फाडून पाहावे लागे. पाच-सहा ओळींचा मजकूर जुळवायला इतका वेळ लागे की अनावश्यक शब्द आपोआप गळून पडत. शुद्धलेखनाच्या तासाला जे साधत नाही ते या खटाटोपात साधत होते, कारण छापलेला कागद गावातल्या घरांत आणि त्याही पलीकडे जाणार आहे, हे मुलांना माहीत होते. पुढे लवकरच फ्रान्सच्याच वायव्य टोकाच्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या त्रेगँ इथल्या रेने दानिएल या शिक्षकाच्या वर्गाशी त्यांची देवाणघेवाण सुरू झाली. एका टोकाला डोंगरातली, शेतकऱ्यांची मुले आणि दुसऱ्या टोकाला समुद्राकाठची. दोन्हीकडे एकाच सरकारची एकसारखी पाठ्यपुस्तके. आता मात्र डोंगरातल्या मुलाला आपल्या गावाविषयी असे काही सांगायचे होते जे ऐकणाऱ्याने कधी पाहिलेलेच नव्हते. ज्याला आधीच सर्व ठाऊक आहे अशा गुरुजींना सांगण्यापेक्षा ही गोष्ट किती वेगळी आहे, हे आपणही कधी परगावच्या पाहुण्याला आपले गाव दाखवले असेल तर सहज कळेल.

सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत शिकवत असताना आमच्याकडे छापखाना असण्याचा प्रश्नच नव्हता. कार्डशीट, स्केचपेन, डिंकाची बाटली आणि व्हरांड्यातली एक भिंत एवढे भांडवल होते. भित्तिपत्रक ही काही आपल्या शाळांना नवी गोष्ट नाही. तपासणीला साहेब येणार म्हटले की एका रात्रीत ते भिंतीवर उगवते. वर सरस्वतीचे चित्र, बाजूला आजचा सुविचार, दिनविशेष, दोन कोडी, एक विनोद आणि खाली वळणदार अक्षरात ‘मार्गदर्शक’ म्हणून शिक्षकांचे नाव. त्यातले लेखन बहुधा वर्गातल्या सुंदर अक्षराच्या दोन मुलींचे असते आणि तेही जुन्या वहीतून किंवा गाईडातून उतरवलेले असते. वार्षिक अंकांची तर आणखीच तऱ्हा. तिसरीच्या मुलाच्या नावावर छापलेली ‘पर्यावरणाचा ऱ्हास: एक चिंतन’ अशा थाटाची कविता पाहिली की त्या मुलाच्या वडिलांचे शिक्षण किती झाले असावे, याचा अंदाज बांधत बसावेसे वाटते.

आमच्या शाळेत तिसरी-चौथीचे भित्तिपत्रक मुलांच्या ताब्यात द्यायचे ठरले तेव्हा ताब्यात देणे म्हणजे काय, यावर मी आणि माझे सहकारी गुरुजी बराच वेळ बोललो होतो. शेवटी असे ठरले की काय लावायचे आणि काय नाही हे संपादक मंडळ ठरवील. मंडळात चौघे असतील, त्यात मुली निम्म्या असतील, आणि दर महिन्याला मंडळ बदलेल, म्हणजे वर्षभरात प्रत्येकाची पाळी येईल. शिक्षकांनी मागितल्याशिवाय दुरुस्ती सुचवायची नाही आणि भिंतीवर लागलेल्या मजकुरावर लाल शाई लावायची नाही. ही शेवटची अट पाळणे सर्वांत अवघड गेले. ‘पानी’ आणि ‘आनी’ डोळ्यांसमोर भिंतीवर दिसत असताना खिशातल्या पेनाकडे हात न नेणे ही आमच्या व्यवसायात जवळजवळ योगसाधनाच आहे.

पहिल्या मंडळाने पहिल्याच आठवड्यात आम्हाला चकित केले. एका मुलाने पावसावरची कविता आणून दिली होती. चौघांनी ती वाचली आणि परत केली. कारण विचारल्यावर मंडळातली एक मुलगी म्हणाली, “ही पुस्तकातली हाय. याला असलं येत न्हाई.” शिक्षकाने नकलेबद्दल बोलले की तो उपदेश होतो आणि मुले खाली मान घालून ऐकतात, बरोबरीच्या मुलीने एका वाक्यात पकडले की वाद होतो, आणि वाद झाला की मुलगा स्वतःला काय येते ते दाखवायला उठतो. हा मुलगा रागारागाने दुसऱ्या दिवशी आपल्या घरातल्या बोकडाविषयी लिहून घेऊन आला. बोकड जत्रेसाठी ठेवलेला होता आणि तो आपल्यामागून शाळेच्या फाटकापर्यंत येतो, असे त्यात होते. मंडळाने ते लावले. त्यानंतरचे दोन दिवस त्या भिंतीपाशी उभे राहून मुले त्याला एकच प्रश्न विचारत होती, की जत्रा कधी आहे.

मुलांच्या हाती सत्ता दिली की सर्व गोड होते, असे मात्र नाही, आणि या विषयावर बोलणारे पुष्कळ जण इथे घाईने पुढे सरकतात असे माझे मत आहे. मुले संपादक म्हणून निष्ठुर असतात. ज्याचे अक्षर वाईट त्याचा कागद न वाचताच बाजूला पडे. ज्या दोघांना अजून जोडाक्षरे नीट येत नव्हती त्यांनी काही देणेच बंद केले. मैत्री आणि भांडण, भावकी आणि आळी यांचा सर्व हिशेब त्या चौघांच्या बैठकीत येऊन बसे. फ्रेने यांच्या वर्गातल्या मतदानाविषयी वाचताना मला नेहमी ही शंका येत आली आहे: मतदानात दर वेळी त्याच दोन-तीन लोकप्रिय मुलांचे मजकूर निवडून आले तर काय करायचे? बहुमताने गप्प बसवलेले मूल गुरुजींनी गप्प बसवलेल्या मुलापेक्षा जास्त एकटे असते. म्हणून आम्ही मतदान ठेवले नाही. त्याऐवजी एका महिन्यात प्रत्येकाचे निदान एक काहीतरी भिंतीवर आलेच पाहिजे, असा नियम आम्ही दोघा शिक्षकांनी वरून घातला. मुलांचे स्वातंत्र्य म्हणायचे आणि नियम आपण घालायचा, हा विरोधाभास मला दिसत होता. पण दुबळ्याची जागा राखणे हे मोठ्यांचेच काम आहे, असे मला वाटते.

नियम आल्यावर मंडळापुढे खरी अडचण उभी राहिली, कारण ज्याला लिहिता येत नाही त्याचे काय लावणार? तोडगा मुलांनीच काढला. ज्याला लिहिता येत नाही त्याने सांगायचे आणि मंडळातल्या एकाने ते लिहून घ्यायचे. या लिहून घेण्यात जे घडले ते आम्ही दोघांनी कोणत्याही प्रशिक्षणात ऐकले नव्हते. लिहून घेणारी मुलगी कंटाळली की थांबवून विचारी, “म्हंजी तवा तू कुठं हुतास? नीट सांग, मला लिवायचंय.” सांगणारा विचारात पडे, आठवून सांगे, पुढे जाई. लिहून झाल्यावर ती वाचून दाखवी आणि तो म्हणे, असे नव्हते झाले, आधी कुत्रे भुंकले. मग एक ओळ खोडून वर दुसरी लिहिली जाई. लेखनाचा कच्चा खर्डा, त्याची तपासणी, क्रम बदलणे ही सर्व कामे ज्याला अजून ‘प्र’ लिहिता येत नव्हता असा मुलगा तोंडाने करत होता. व्हिगॉट्स्कींनी ज्या गैरहजर श्रोत्याविषयी लिहिले तो इथे शेजारी मांडी घालून, हातात पेन घेऊन बसला होता. वर्षाअखेरीस त्या दोघांपैकी एकजण स्वतः लिहू लागला, दुसरा लागला नाही.

दुसऱ्या वर्षी आम्ही देवगड तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका शाळेशी पत्रव्यवहार सुरू केला. तिथल्या बाईंशी माझी एका शिबिरात ओळख झाली होती. महिन्याचे भित्तिपत्रक उतरवले की घडी घालून टपालाने तिकडे पाठवायचे, तिकडचे इकडे यायचे, आणि मधल्या काळात पन्नास पैशांच्या पोस्टकार्डांवर प्रश्न विचारायचे, अशी पद्धत ठरली. हे २०१९ च्या सुरुवातीच्या महिन्यांतले आहे. तेव्हा माणमध्ये दुष्काळ होता आणि चारा छावण्या उघडल्या होत्या. आमच्या अनेक मुलांच्या घरची जनावरे छावणीत होती आणि त्यांच्यासोबत घरातले एकजण, बहुधा आजोबा किंवा वडील, तिथेच मुक्कामाला होते. चौथीतल्या एका मुलीने भित्तिपत्रकात लिहिले होते, “आमची म्हस छावणीत हाय. आजा बी तिथंच हाय. घरी करमत न्हाई.” आमच्या भिंतीवर त्या तीन वाक्यांना काहीच कमी नव्हते, कारण वाचणाऱ्या प्रत्येकाची म्हैस छावणीत होती.

देवगडहून पोस्टकार्डे आली. छावणी म्हणजे काय, एवढाच त्यांचा प्रश्न नव्हता. चारा घरी का आणत नाहीत? आजोबा झोपतात कुठे? पाऊस आला तर? म्हैस दुसऱ्याच्या म्हशीत मिसळली तर ओळखता कशी? दूध कोण काढतो आणि ते घरी कसे येते? मुलगी ती कार्डे घेऊन रविवारी छावणीत गेली, आजोबांना एकेक प्रश्न विचारला आणि सोमवारी तिने जे लिहून आणले ते एका कार्डशीटवर मावेना. चारा छावणीतच मिळतो आणि तिथल्या जनावरांनाच मिळतो; म्हणून जनावर तिथे, म्हणून माणूस तिथे; शेडनेटच्या सावलीखाली दावणी कशा आहेत; रात्री आजोबा आणि इतर म्हातारे गप्पा मारत बसतात आणि आजोबांना आता घरी करमत नाही. शेवटचे वाक्य तिच्या पहिल्या लेखातल्या ‘घरी करमत न्हाई’पेक्षा किती निराळे आहे! ते तिला कोणी सुचवलेले नव्हते. प्रश्न विचारणारे कोणीतरी भरपूर पावसाच्या मुलखात बसले होते आणि त्यांना दुष्काळ म्हणजे काय हे खरोखरच समजत नव्हते, एवढेच पुरेसे ठरले.

उलट दिशेनेही तेच झाले. देवगडच्या एका मुलाने रापणीविषयी, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून केलेल्या मासेमारीविषयी, लिहिले होते आणि आमच्या मुलांना ते वाचून काहीच उमगले नव्हते, कारण दोरी किनाऱ्यावरून ओढायची तर जाळे पाण्यात नेतो कोण, हे लिहायची त्याला गरजच वाटली नव्हती. आमच्याकडून कार्डे गेली. जून-जुलैत मासेमारी बंद असते असे वाचून आमच्यातल्या एकाने विचारले, की पाणी भरपूर असते तेव्हाच बंद का ठेवता? पाणी म्हणजेच सुगी, असे ज्याच्या अंगात मुरले आहे त्यालाच असा प्रश्न पडू शकतो. उत्तर आले, की तेव्हा मासे अंडी घालतात आणि समुद्र खवळलेला असतो, आणि बापूस घरी असतो म्हणून आम्हाला मजा असते.

भाषेचा प्रश्न इथेच उभा राहिला. आमची मुले ‘हाय’ आणि ‘न्हाई’ लिहीत, तिकडून ‘माजो बापूस रापणीक गेलो’ असे येई. माझ्या सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की पुढे पाचवीत ही मुले दुसऱ्या गावच्या शाळेत जाणार, तिथे त्यांना हसतील. आपण आत्ताच प्रमाण मराठीची सवय लावली पाहिजे. त्यांची काळजी खरी होती आणि आजही मला ती हसण्यावारी नेता येत नाही. पण मुलांनी या वादात आमची वाट पाहिली नाही. पत्रे जाऊ-येऊ लागल्यावर त्यांना दिसले की काही शब्द तिकडच्यांना कळत नाहीत, आणि तिकडचे काही आपल्याला कळत नाहीत. मग हळूहळू मंडळच म्हणू लागले, की सांगणारा भाग पुस्तकातल्यासारखा लिहू, आणि माणसे बोलतात तिथे जसे बोलतात तसेच ठेवू. आजोबा छावणीत जे म्हणाले ते त्यांच्याच बोलीत आणि बाकीचे प्रमाण मराठीत. मराठीतल्या कितीतरी कथाकारांनी जो मार्ग धरला तो या मुलांना टपालाच्या गरजेतून सापडला होता. शुद्धलेखनाचेही तसेच. भिंतीवर ‘पानी’ खुशाल राहत होते, पण देवगडला जाणाऱ्या कागदावर काय चुकले आहे ते पाहून द्या, असे सांगायला मंडळ स्वतःहून आमच्याकडे येऊ लागले. पाहुण्यांकडे जाताना मुले अंघोळ करतातच.

मुलांना खरे लिहू द्यायचे म्हटल्यावर ते कधीतरी मोठ्यांच्या अंगावर येणारच. एका महिन्याच्या भित्तिपत्रकात ‘शाळेची बातमी’ या सदरात लिहिले होते, की या आठवड्यात खिचडीत वाटाणा नव्हता आणि बुधवारी खिचडी करपली होती. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला आलेल्या एका सदस्यांनी ते वाचले आणि कागद काढून टाका, असे सांगितले. कोणी वरिष्ठ आले तर शाळेचे नाव जाईल, ही त्यांची भीती. आम्ही तो विषय मंडळापुढे ठेवला. मुलांनी स्वयंपाक करणाऱ्या मावशींना जाऊन विचारले. मावशींनी सांगितले, की धान्य उशिरा आले, वाटाणा आलाच नाही, आणि बुधवारी त्या एकट्याच होत्या, कारण दुसऱ्या मावशींचे पोर तापाने फणफणले होते. पुढच्या आठवड्यात हे सर्व त्यांच्या नावानिशी भिंतीवर लागले आणि आधीची बातमीही तशीच राहिली. सदस्य नाराज झाले, मावशी खूश झाल्या.

फ्रेने यांना याहून फार मोठी किंमत द्यावी लागली. १९२८ पासून ते साँ-पोल-द-वाँस या गावात शिकवत होते. तिथल्या एका मुलाने आपले स्वप्न लिहिले: शाळेचे साहित्य मोफत द्यायला नकार देणाऱ्या महापौरांवर मुले चालून जातात आणि त्यांना ठार मारतात. तो मजकूर इतर मजकुरांप्रमाणेच छापला गेला. १९३२ च्या अखेरीस त्यांच्या विरोधकांनी तो उचलला, गावात निषेधाची पोस्टर चिकटवली, वर्तमानपत्रांत गदारोळ झाला, शाळेवर मोर्चे आले, आणि १९३३ मध्ये फ्रेने यांना ती शाळा सोडावी लागली. त्यात त्यांच्या डाव्या राजकारणाचा राग बराच होता, हे खरे. पण एका लहान मुलाच्या स्वप्नावरून गाव पेटू शकते, ही गोष्ट मला त्यांच्या पद्धतीच्या यशापेक्षाही जास्त बोलकी वाटते. ज्या लेखनाला कोणी वाचकच नाही त्यावरून कोणाची नोकरी जात नाही. त्यांनी नंतर वाँसमध्ये स्वतःची शाळा काढली आणि मुलांचे छापणे चालू ठेवले.

आपल्याकडे अशा कामाची परंपरा शोधायला गेले की अमळनेरच्या प्रताप हायस्कूलपाशी थांबावे लागते. साने गुरुजी तिथे १९२४ ते १९३० शिक्षक होते, वसतिगृहाचे काम त्यांच्याकडे होते, आणि तिथल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढत. म्हणजे फ्रेने खिळे जुळवायला शिकवत होते त्याच सुमारास खानदेशात एक शिक्षक दिवसाकाठी मुलांसाठी स्वतःच्या हाताने लिहीत होता. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. तिथली मुले मोठी होती आणि मुख्य लेखणी गुरुजींची होती. तरीही त्या उदाहरणातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपण शिक्षक मुलांना लिहा म्हणून सांगतो, पण मुलांनी आपल्याला शेरे, हजेरी आणि नोंदवह्या यांखेरीज काही लिहिताना पाहिलेले असते का? २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आल्यापासून आमच्या लेखणीला वर्णनात्मक नोंदींचे जे काम लागले, ते पाहून मुलांना असे वाटत असल्यास नवल नाही, की मोठे माणूस फक्त दुसऱ्यांविषयी आणि फक्त वरिष्ठांसाठी लिहिते. आमच्या मंडळाने एकदा मला लेख मागितला. मी लहानपणी शाळेत न जाता ओढ्यावर बसलो होतो त्याविषयी लिहून दिले. मंडळाने तो परत केला; शेवटी घरी काय झाले ते लिहिलेले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मी ते लिहिल्यावरच लेख भिंतीवर गेला.

या सर्वाला वेळ लागतो आणि वेळापत्रकात त्याला जागा नसते. आम्ही शनिवारची सकाळची शाळा धरली होती. कवायत आटोपली की मंडळ व्हरांड्यात बसे आणि बाकीची मुले वर्गात लिहीत, चित्रे काढत किंवा देवगडची कार्डे वाचत. चारही वर्ग दोघांच्या अंगावर असताना पहिली-दुसरीकडे एकाने बसायचे आणि दुसऱ्याने फक्त हजर राहायचे, बोलायचे नाही, अशी आमची वाटणी होती. पुढे ऑनलाइन बदल्यांत माझी बदली झाली. नव्या शाळेतली मुले वेगळी आहेत, भिंत अरुंद आहे आणि इथल्या पहिल्याच मंडळापुढचा प्रश्न असा आहे, की दुसरीतल्या एका मुलाने आणून दिलेल्या कागदावर फक्त ट्रॅक्टरचे चित्र आणि खाली ‘हा आमचा नाही’ एवढे एकच वाक्य आहे. ते लेख म्हणून लावायचे की चित्र म्हणून, यावर दोन शनिवार वाद झाला. शेवटी त्यांनी त्याला बोलावून विचारायचे ठरवले आहे, की मग तो कोणाचा.